राऊटर टेबल: रेडीमेड घ्यायचं का स्वतः बनवायचं?

नमस्कार मंडळी,

राऊटर म्हणजे फिरत्या बिटानं (धारदार पात्यानं) लाकडाला खाच नाहीतर मोल्डिंग मारायचं मशीन, आणि ते ज्याच्याखाली उलटं लटकवून बिट वर काढतात ते राऊटर टेबल. हल्ली दुकानात कुणी ना कुणी येतंय आणि मोबाईलवरचा फोटो दाखवून विचारतंय की हे टेबल मिळेल का, केवढ्याला पडेल. फोटोत चकचकीत ॲल्युमिनियमचं टेबल, त्याला लिफ्ट (राऊटर वर-खाली करायची सोय), स्केल, सगळं असतंय. आम्ही मागवून देतो, तो आमचा धंदाच आहे. पण काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला जे सांगतो ते एकदा लिहून ठेवावं म्हणून हा कागद काढलाय. आमचं म्हणणं एवढंच की पैसे तीन ठिकाणी घाला: सपाट टॉप, बिट घट्ट धरणारं कॉलेट आणि लाईट जाऊन परत आली तरी बंदच राहणारा स्विच. लिफ्ट, भारी फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची आडवी पट्टी) हे मागाहून बघता येतंय.

आधी तुमचा राऊटर बघा

निम्म्याहून जास्त मिस्त्रींकडं खरं तर ट्रिमर असतोय, सनमायकाच्या कडा मारायचा. ५०० ते ७०० वॅटचा, ३० हजार आरपीएमच्या आसपास फिरणारा, ६ एमएमचं नाहीतर पाव इंची कॉलेट. त्याचंही छोटं टेबल होतंय आणि गोला, छोटी खाच, बीडिंगची बारकी पट्टी एवढ्या कामाला ते मस्त चालतंय. पण त्यात पॅनेल डोअरचं बिट लावायचं डोक्यातसुद्धा आणू नका. दरवाजे, चौकटीची रिबेट (कडेची पायरीसारखी खाच), देव्हाऱ्याची मोल्डिंग असं काम असेल तर १२ एमएम किंवा अर्धा इंची कॉलेटचा, १६०० वॅटच्या पुढचा राऊटर पाहिजे आणि शक्यतो स्पीड कमी-जास्त करायचा डायल असलेला.

डायल कशाला, तर हिशोब बघा. १२ एमएमचं बिट २२ हजारावर फिरतंय तेव्हा त्याची धार ताशी साधारण ५० किलोमीटरनं पळते. त्याच स्पीडला ८० एमएमचं पॅनेल बिट लावलं की धार जाते ताशी ३३० किलोमीटरला! म्हणून २५ एमएमपर्यंतची बिटं फुल स्पीडला, ५० पर्यंत १८ हजार, त्याच्यावर १६ हजार आणि ८०-९० एमएमच्या बिटाला १० ते १२ हजार. डायल नसलेल्या मशीनला काहीजण पंख्याचा रेग्युलेटर जोडून बघतात, कृपा करून नका करू. मोठा राऊटर आठ अँपियर ओढतोय, रेग्युलेटर जळणार आणि सोबत आणखी काय जळेल ते सांगता येत नाही. डायलच नसेल तर मोठं बिट घेऊच नका, पॅनेलचं काम दुसरीकडं करून घ्या.

आता कॉलेटचं. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. चार सुती म्हणजे अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, आणि १२ एमएम म्हणजे १२ एमएम, दोन्ही एक नव्हे. अर्धा इंची बिट १२ च्या कॉलेटात जाणारच नाही म्हणून तिथं धोका नाही, पण १२ एमएमचं बिट अर्धा इंची कॉलेटात आरामात जातंय आणि नट जीव लावून आवळला की धरल्यासारखं वाटतंय. तसंच ६ एमएम आणि दोन सुती, म्हणजे ६.३५. असं बिट काम चालू असताना हळूहळू वर सरकतंय, खाच खोल होत जाते, आणि सुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखं जातंय. बिट घेताना कॉलेट सोबत आणा, आम्ही बसवून बघूनच देतो. आणि बिट लावताना तळाला टेकवून परत दोन-तीन एमएम वर ओढून मग आवळा, टेकवून आवळलं तर पकड नीट बसत नाही.

टॉप

आमच्या मते टॉप बनवलेलाच बरा, रेडीमेडपेक्षा वजनदार होतोय आणि वजन असलं की थरथर कमी.

१८ एमएमची दोन शीटं फेव्हिकॉलनं एकावर एक चिकटवायची, ३६ एमएम जाडी होते. २४ बाय ३२ इंच पुरेसं आहे. चिकटवताना खाली जमीन वापरू नका, जमीन कधीच लेव्हलला नसते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा, वर सिमेंटच्या गोण्या ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. मग सनमायका वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून पैसे वाचवायला तशीच सोडली जाते, आणि पावसाळ्यात तिकडनं ओल शिरून टॉप परातीसारखा वाकतोय. असा वाकलेला टॉप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही काही करून देऊ शकत नाही, वाईट वाटतं पण त्याला इलाज नाही.

कुठलं शीट? साधं एमडीएफ सपाट असतंय, स्वस्त असतंय, पण आपली हवा कृष्णाकाठची. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गोडाऊनमधल्या एमडीएफची काय अवस्था झाली ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, कडा पावासारख्या फुगल्या होत्या. पूर रोज येत नाही पण जून ते सप्टेंबर ओल रोज असतेय. म्हणून थोडे जास्त गेले तरी एचडीएचएमआर (ओल जास्त सोसणारं दाट शीट) घ्या, टिंबर एरियात साईजला कापून मिळतंय, आणि चारी कडांना लिपिंग (लाकडी पट्टी) मारा.

राऊटर डायरेक्ट टॉपला लटकवू नका, ३६ एमएम जाडीत बिटाची उंचीच खपून जाते. मधे चौकोन कापून इन्सर्ट प्लेट (राऊटर अडकवायची पातळ प्लेट) बसवा. ॲक्रिलिक दिसायला छान पण पाच-सहा किलोचा राऊटर महिनोन्‌महिने लटकला की ते मधनं खाली बसतंय. १० एमएम ॲल्युमिनियम किंवा जाड हायलम शीट (कडक फिनॉलिक लॅमिनेट) घ्या. प्लेट टॉपला एकदम लेव्हल पाहिजे, बोट फिरवलं तर जाणवता कामा नये. त्यासाठी प्लेटची खाच तिच्या जाडीपेक्षा पाव एमएम जास्त खोल ठेवून चार कोपऱ्यांत खालून स्क्रू द्या, म्हणजे वर-खाली करून जुळवता येतंय.

फेन्स आणि उंची

इथं खर्च करू नका. टेबल सॉची फेन्स पात्याला समांतर लागते, राऊटरचं तसं नाही, बिट गोल आहे, त्याला समांतर असं काही नसतंच. एक टोक नट-बोल्टनं पक्कं करा, दुसरं टोक सरकवून शिकंजानं आवळा. बिट मधोमध असेल तर मोकळं टोक दोन एमएम सरकवल्यावर बिटापाशी एकच एमएम फरक पडतोय, म्हणजे बारीक ॲडजस्टमेंट फुकटात मिळते. फेन्स टॉपशी गुण्यात (काटकोनात) आहे का एवढं मात्र तपासा, आणि बिटाच्या मागं बॉक्स करून व्हॅक्यूमचा पाईप जोडा, कारण उलटा टांगलेला राऊटर सगळा भुसा स्वतःच्या पोटात घेतोय आणि एमडीएफची बारीक धूळ तुमच्या छातीत जाते. मास्क तरीही लावा.

उंचीसाठी लिफ्ट महाग पडते. जुन्या गाडीचा कात्री जॅक राऊटरखाली ठेवून भरपूर लोकांनी काम भागवलंय. किंवा १० एमएमचा आटेवाला रॉड लावा, एका फेऱ्याला दीड एमएम वर येतंय. प्लंज राऊटर (दाबला की बिट खाली उतरणारा) असेल तर त्याची स्प्रिंग काढून ठेवा, नाहीतर ती सतत राऊटर खाली ढकलत राहते. पण जपून ठेवा, हातात धरून काम करायचं झालं की परत लागते.

स्विच आणि हात

हे नीट वाचा. राऊटरचा स्वतःचा स्विच टेबलाखाली, चालूवर लॉक करून ठेवलेला असतोय. लाईट गेली, तुम्ही बिट बदलायला खाली वाकलात, आणि लाईट आली. पुढचं सांगायला नको. म्हणून टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानं ढकलता येईल असा नो-व्होल्ट स्विच लावा, लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय तो चालू होत नाही. मोटरच्या स्टार्टरमध्ये हेच तत्त्व असतं, तुमच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं की लगेच कळेल. तरीपण बिट बदलताना प्लग काढायचाच.

लाकूड उजवीकडनं डावीकडं ढकलायचं. राऊटर उलटा असल्यामुळं बिट वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतंय, म्हणून. आणि बिट फेन्समध्ये अर्धवट लपलेलं पाहिजे, लाकूड बिट आणि फेन्सच्या मधनं कधीही घालायचं नाही. आमच्यातल्या एकानं शिकाऊ असताना हे केलंय, दोन फुटी सागवानी पट्टी हातातनं सुटून समोरच्या भिंतीवर आदळली आणि प्लास्टरला खड्डा पाडून खाली पडली. समोर माणूस नव्हता म्हणून बरं. बारक्या पट्ट्या करायच्या असतील तर रुंद फळीलाच मोल्डिंग मारा आणि मग कापून वेगळी करा.

सागवानात सिलिका असतेय, साधी स्टीलची बिटं लवकर बोथट होतात, कार्बाईडच घ्या. एका पासात तीन-चार एमएमच्या वर जाऊ नका. लाकूड काळं पडतंय म्हणजे तुम्ही हळू ढकलताय नाहीतर धार गेलीय.

प्लेटला भोकं पाडून पाहिजे असतील तर येताना राऊटर घेऊन या, मापं फोनवर सांगू नका. बेसचा काळा प्लास्टिक सोल काढून त्याच्यावरनंच आम्ही मार्किंग करतो. प्लेट जाड असल्यानं कंपनीचे स्क्रू लांबीला कमी पडतात, त्याच आट्याचे लांब स्क्रू आमच्याकडं ठेवलेले आहेत. सकाळी या, संध्याकाळी गर्दीत हे काम घाईनं करायला आम्हाला आवडत नाही.