मनोरुग्ण बंदी, ग्वाल्हेर

कारागृहात असताना किंवा तिथे येण्यापूर्वीच मानसिक आजार जडलेल्या कच्च्या व पक्क्या कैद्यांची ग्वाल्हेर येथील उपचारव्यवस्था आणि तिच्या खर्चाची तरतूद. या व्यवस्थेची दोन टोके म्हणजे बहोडापूर भागातील सेंट्रल जेल आणि जेल रस्त्यावरील ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा. मध्य प्रदेशात सरकारी मनोरुग्णालये दोनच. दुसरे इंदूरच्या बाणगंगेत आहे, त्यामुळे उत्तरेकडील जिल्ह्यांचा भार साहजिकच ग्वाल्हेरवर येतो.

आरोग्यशाळेचे स्थापनावर्ष सामान्यतः 1935 दिले जाते. ते ग्राह्य धरल्यास स्थापना रीजन्सी कौन्सिलच्या (राजा अज्ञान असताना राज्य चालवणाऱ्या मंडळाच्या) कारभारात झाली असे ठरते. ग्वाल्हेरचे संस्थानिक माधवराव शिंदे 1925 मध्ये पॅरिस येथे निवर्तले आणि त्यांचे पुत्र जिवाजीराव यांना पूर्ण अधिकार मिळाले ते 1936 मध्ये. म्हणून संस्थेचे श्रेय या दोघांपैकी एकाला सरसकट देणे कालक्रमाला धरून नाही. माधवरावांच्या काळातील एखाद्या आधीच्या सोयीची ती पुनर्रचना असल्यास गोष्ट निराळी. तत्पूर्वी वेडसर समजल्या गेलेल्यांना तुरुंगाच्याच आवारात ठेवले जात असावे. हिंदुस्थानात अन्यत्र तशी रीत होती, आणि आरोग्यशाळा नेमकी जेलच्या वाटेवर उभी राहिली हेही या तर्काला पूरक आहे. ब्रिटिश मुलखातील 1858 व 1912 चे वेड्यांविषयीचे कायदे संस्थानी प्रदेशाला आपोआप लागू नव्हते. त्यामुळे 1912 च्या कायद्यातील ‘गुन्हेगार वेडा’ हा वर्ग दरबारच्या व्यवहारात जसाच्या तसा पाहणे धोक्याचे आहे. 1948 मध्ये मध्य भारत व 1956 मध्ये मध्य प्रदेश ही राज्ये झाल्यावर दोन्ही संस्था राज्य शासनाकडे आल्या, पण खाती वेगळीच राहिली.

खर्चाचा घोळ इथूनच सुरू होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग आणि रुग्णालये हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत (नोंदी 4 व 6), तर मनोविकृती व त्यावरील उपचारस्थळे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या समवर्ती सूचीत (नोंद 16). परिणामी कायदा संसदेचा, कोठडी जेल खात्याची आणि डॉक्टर आरोग्य खात्याचा. केंद्राकडून तुरुंगांना मिळणारे साहाय्य मुख्यतः बांधकाम व सुरक्षेसाठी असते. 2002-03 पासूनची 1,800 कोटी रुपयांची आधुनिकीकरण योजना (केंद्र 75, राज्य 25 टक्के) बराकी व नव्या तुरुंगांवर केंद्रित होती. 2021-26 साठीच्या 950 कोटींच्या प्रकल्पाचा भरही सुरक्षा-उपकरणांवरच आहे. समुपदेशकाचा पगार अशा योजनांत सहसा बसत नाही. तो राज्याच्या महसुली खर्चातून काढावा लागतो, आणि काटछाट आली की तिथेच येते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 (अंमल 29 मे 2018) याच्या कलम 103 ने व्यवस्थेची दिशा बदलली. पूर्वी बंद्याला आरोग्यशाळेत धाडणे हाच सरळ मार्ग होता. आता प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना, म्हणजे मनोरुग्णांवरील उपचाराची जागा, असावी आणि बंद्यावर शक्यतो तिथेच उपचार व्हावेत, असा दंडक आहे. तुरुंगात मनोरुग्ण कक्ष नसेल तर याच अधिनियमाखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी घेऊन बाहेरच्या आस्थापनेत हलवता येते. याच कलमान्वये तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस मंडळाला अहवाल पाठवायचा असतो, आणि त्यात प्रमाणित काय करायचे, तर तुरुंगात एकही मनोरुग्ण बंदी नाही! तरतुदीचा हेतू, म्हणजे कोणी विनाउपचार पडून राहू नये हा, समजण्याजोगा आहे. तथापि बंद्यावर तुरुंगातच उपचार करा म्हणणाऱ्या कलमात ही वाक्यरचना विचित्रच ठरते. काही जण तिला मसुद्यातील चूक मानतात, काही तपासणीचे साधन. पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे.

खटला चालवण्यास आरोपी मनाने सक्षम आहे का, हा प्रश्न वेगळा. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 328 पासून पुढे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढे हाताळला जातो. ‘सक्षम’ असा दाखला येईपर्यंत खटला थांबतो आणि दाखला कोणी मागितलाच नाही तर थांबलेलाच राहतो. वीणा सेठी वि. बिहार राज्य (1982) या प्रकरणात हजारीबागच्या तुरुंगातील असे बंदी दोन-तीन दशके अडकून पडल्याचे उघड झाले होते.

प्रत्यक्ष व्यवहारात अडते ते बहुधा गारदापाशी, म्हणजे सोबतच्या पोलीस पहाऱ्यापाशी. बंद्याला फाटकाबाहेर नेताना सोबत पोलीस लागतात आणि ते जेल खात्याचे नसतात. न्यायालयीन पेश्यांना अग्रक्रम असल्याने दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. त्यातून औषधांचा प्रश्न येतो. लिथियम हे मनोविकारावरील औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. घाम व पाण्याच्या कमतरतेने ते वाढून विषबाधा होऊ शकते, आणि मे-जूनमध्ये 45 अंशांच्या आसपास जाणारे ग्वाल्हेरचे तापमान भरलेल्या बराकीत काय करत असेल, हे सांगायला नको. म्हणजे गोळी जेलच्या साठ्यात असली तरी तपासणी बाहेर, आणि बाहेर म्हणजे पुन्हा गारद. बहुतेक अन्य औषधांबाबत अडचण कमी तीव्र असते. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस (14416) या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेने सल्ल्याची सोय वाढवली. रक्त मात्र दूरध्वनीवरून तपासता येत नाही.

आरोग्यशाळेचा अलीकडील इतिहास न्यायालयाशी जोडलेला आहे. तेथील रुग्णांच्या स्थितीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालय विधी साहाय्य समिती वि. मध्य प्रदेश राज्य (1994) या प्रकरणात पुढे आला. 1997 मध्ये न्यायालयाने रांची व आग्रा यांच्यासह ग्वाल्हेरच्या संस्थेवरील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवली. ही देखरेख रुग्णालयापुरती होती. याच रस्त्यावरचे कारागृह तिच्या कक्षेत आले नाही.