त्रोटक चरित्रलेखांचा विस्तार

मुक्त सहयोगी विश्वकोशातील, मुख्यतः विकिपीडियावरील, एकदोन ओळींच्या व्यक्तिलेखांना संदर्भांसह पूर्ण नोंदीचे रूप देण्याचे काम. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अशा लेखांच्या तळाशी ‘विस्तार’ हा साचा, म्हणजे लेख वाढवायला हवा असे सांगणारी तयार सूचना, लावतात. साचा लावायला क्षण पुरतो. लेख वाढवणारा मात्र बहुधा दुसराच कोणी असतो आणि तो यायला वर्षे लागतात. ‘हा अमुक देशाकडून क्रिकेट खेळलेला खेळाडू आहे’ एवढ्यावर संपणारे लेख मराठीत पुष्कळ आहेत.

विस्तार म्हणजे लांबी नव्हे. पहिले काम बहुतेक वेळा कापाकापीचे असते. गौरवग्रंथ आणि श्रद्धांजलीपर लेखांतून आलेली ‘थोर’, ‘बहुआयामी’, ‘ऋषितुल्य’ ही विशेषणे काढल्यावर कित्येक लेखांत नाव आणि गाव एवढेच उरते. मग जन्म, शिक्षण, कार्य, प्रकाशने यांची जुळणी करायची. प्रत्येक विधानाला व्यक्तीपासून स्वतंत्र असलेला छापील वा विश्वासार्ह ऑनलाइन आधार हवा. नसेल तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण पडते. आधार घ्यायचा तो माहितीपुरता, वाक्ये उचलायची नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) टिकतो.

मराठी चरित्रांत खरी कसोटी तारखांची आणि नावांची. जुन्या साधनांत तिथी आणि शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत सहसा ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी म्हणूनच १६३० सालात येते, १६२९ मध्ये नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे, त्यामुळे साधनेही दोन नावांखाली विखुरलेली. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, हे ठाऊक नसेल तर त्यांच्या बालपणाचा माग लागत नाही. खेळाडूला ‘हा’ आणि लेखकाला ‘हे’ म्हणण्याची सवयही तपासून पाहण्यासारखी आहे.

हयात व्यक्तींबाबत नियम कडक आहेत, आणि त्यामागे इतिहास आहे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथालर यांच्यावरील इंग्लिश विकिपीडियाच्या लेखात अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर सुमारे चार महिने राहिला. आता हयात व्यक्तीविषयीचे वादग्रस्त पण निराधार विधान दिसताच काढतात. त्यावर चर्चा पानावर नंतर बोलता येते. कडकपणाची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्लिश विकिपीडियावर त्यांच्यावर लेखच नव्हता. त्याच वर्षी आलेला मसुदा मे महिन्यात पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला होता.

नवखे संपादक आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मसुदा करून पाहतात. माहितीचौकट (ठळक माहितीचा तक्ता), विषयवार वर्ग आणि इतर लेखांतून येणारे दुवे ही शेवटची कामे. दुवे नसतील तर चांगला लेखही कोणाला सापडत नाही. सगळे झाले की ‘विस्तार’ साचा काढायचा असतो. तो काढायचा राहून गेल्याने भरपूर लांब लेखही त्रोटकांच्या यादीत आढळतात.