अस्त आणि ऱ्हास: खानदेशच्या इतिहासातून दिसणारा फरक

एखाद्या राज्याचा अस्त झाला असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा ऱ्हासही झालाच असणार, असे सहज गृहीत धरतो. वस्तुतः अस्ताला तारीख असते. ऱ्हासाला बहुधा ती नसते. हा फरक खानदेशाइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

मलिक राजाने 1382 मध्ये तापीकाठच्या थाळनेर येथून स्वतंत्र कारभार सुरू केला आणि त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड जिंकून बुऱ्हाणपूर वसवले. गुजरात आणि माळवा या दोन बलाढ्य सल्तनतींच्या मधोमध सापडलेले हे फारुकी राज्य कधीच फार मोठे नव्हते. पण लहान असणे म्हणजे खिळखिळे असणे नव्हे. या राज्याचा सुलतान राजा अली खान 1597 मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना सोनपेतच्या लढाईत मारला गेला, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, 17 जानेवारी 1601 रोजी, असीरगड अकबराच्या हाती गेला. गड फितुरीने पडला की रोगराईने, याविषयी समकालीन वृत्तांतांतच मतभेद आहेत. तटबंदी फोडून मात्र तो पडला नाही. घराणे संपले, अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ असे नावही दिले. परंतु बुऱ्हाणपूरची पेठ उलट भरभराटीला आली आणि तिथले कापड सुरतेच्या बंदराकडे जात राहिले. हा अस्त होता, ऱ्हास नव्हे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. 1630 ते 1632 च्या भीषण दुष्काळात खानदेश होरपळला, आणि त्या काळात शाहजहान स्वतः बुऱ्हाणपुरात होता; मोगल सत्ता तेव्हा ऐन भरात होती. म्हणजे प्रजेचे हाल हेही सत्तेच्या ऱ्हासाचे पुरेसे प्रमाण ठरत नाही.

मराठी अंमलाच्या अखेरची गोष्ट अगदी निराळी आहे, आणि ती अधिक क्लेशदायक आहे. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला व जाळला, आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारात वसुलीचे मक्ते दिले जात, त्यामुळे मक्तेदाराला पुढच्या वर्षीच्या पेरणीची फिकीर नसे, चालू वर्षाच्या रकमेची असे. पगार थकलेल्या अरब शिबंदीने, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, गढ्या बळकावल्या. गावाची राखण करणारे भिल्ल जागले हक्क बुडाल्यावर डोंगरात गेले आणि त्याच गावांवर धाडी घालू लागले. लुटीनंतरचा दुष्काळ ओसरल्यावर शेतकरी परत का आला नाही, याचे उत्तर या साखळीत आहे: गावी परतावे असा भरवसा देणारे कोणीच उरले नव्हते. ओसाड गावाला आपल्याकडे ‘बेचिराग’ म्हणतात; जिथे दिवा लागत नाही, ते गाव.

जानेवारी 1818 मधील मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे गेला आणि जूनमध्ये बाजीराव शरण आला. पाठ्यपुस्तकात मराठेशाहीच्या अस्ताचे वर्ष म्हणून हेच 1818 दिलेले असते. त्या वर्षापर्यंत तापीच्या खोऱ्यातील कितीतरी गावे बेचिराग होऊन बरीच वर्षे लोटली होती.