आकडी तापाची की मेंदूच्या मलेरियाची?

दीड वर्षाचं पोर तापाने फणफणलेलं, अचानक डोळे फिरवतं, हातपाय ताठ करून झटके देतं. घरात एकच धावपळ. कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं. (दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, साखरपाणीसुद्धा नाही.) ही नुसती तापाची आकडी की मेंदूला भिडलेला मलेरिया, हे झटके बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

कळतं ते झटके थांबल्यावर. तापाची आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना येते आणि बहुधा काही मिनिटांत थांबते. मूल जरा पेंगतं, मग आईला ओळखून भोकाड पसरतं. मेंदूच्या मलेरियात ते भोकाड ऐकूच येत नाही. अर्धा-पाऊण तास उलटला, चिमटा काढला, तरी मूल शुद्धीवर येत नाही. मलेरियाच्या फाल्सिपेरम जातीच्या जंतूंनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसलेल्या असतात.

पण बेशुद्धीचं खापर एकट्या मेंदूवर फोडून चालत नाही. गंभीर मलेरियात मोठ्यांची किडनी जास्त बिघडते, कावीळ होते. मुलांची साखर झपाट्याने उतरते, हिमोग्लोबिन ५ च्याही खाली जातं, रक्तात आम्ल साठून श्वास खोल आणि जोरात चालतो. तो पाहून न्यूमोनिया वाटू शकतो. उतरलेल्या साखरेनेही झटके येतात, म्हणून आधी ग्लुकोमीटर.

उपचार म्हणजे शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध, २० किलोखालच्या मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइन या जुन्या औषधावर १०.९ टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटवर ८.५. क्विनाइन स्वतःच साखर उतरवतं, हा आणखी एक त्रास.

पुण्यात पावसाळ्यात ताप आला की मनात पहिला डेंग्यू येतो, ते साहजिकच. पण मूल गडचिरोलीला मामाकडे राहून आलं असेल, किंवा आईवडील ओडिशा-छत्तीसगडहून वाघोलीच्या बांधकामावर नुकतेच आले असतील, तर डॉक्टरांनी विचारायच्या आत ते सांगा, कारण त्या भागांत मलेरिया जास्त. डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आणि रक्ताची पहिली स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर काही तासांनी पुन्हा रक्त तपासावं लागतं.