भूतानचा गॅस आणि २०१३ ची निवडणूक: मागची गोष्ट

भूतानचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे लगेच डोकलामवर (२०१७ ला भारत-चीनचं सैन्य जिथे समोरासमोर आलं तो भाग) जातात, पण भारत-भूतान नातं कळायला जुलै २०१३ बघायला पाहिजे.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. १९४९ च्या करारात असं होतं की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. आता सल्ला ऐकायचाच की ऐकून घेऊन आपलं आपण ठरवायचं? थिंपू आणि दिल्ली दोघांनी आपापल्या सोयीचा अर्थ लावला. शेवटी फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात ते वाक्यच काढलं. २००८ ला पहिली निवडणूक झाली, एका पक्षाला ४७ पैकी ४५ जागा मिळाल्या.

जून २०१२ मध्ये त्या पक्षाचे पंतप्रधान रिओच्या परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले आणि दिल्लीत नाराजी झाली. त्याच वर्षी भूतानमध्ये भारतीय रुपयाची टंचाई होती, म्हणजे एक नुलत्रुम (भूतानचं चलन) बरोबर एक रुपया असं कागदावर, पण हातात रुपयाच नाही, आणि सामान तर बहुतेक सगळं भारतातून येतं.

पुढच्या निवडणुकीत, मे २०१३ च्या पहिल्या फेरीत सत्ताधारी पुढे होते. दुसरी फेरी १३ जुलैला. आणि १ जुलैपासून भारताने भूतानला जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सबसिडी बंद केली, मतदानाला दोन आठवडे पण नाहीत! कारण दिलं की पंचवार्षिक योजना ३० जूनला संपली त्यामुळे जुनी व्यवस्थाही संपली. असेलही, पण चार आठवडे मुदत वाढवणं अवघड नव्हतं. सिलिंडरचा भाव घरोघरी कळतो, कराराची कलमं नाही कळत. विरोधकांनी भारताशी संबंध बिघडले हाच प्रचार केला, ३२ जागा जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये सबसिडी परत आली. फक्त गॅसमुळे निकाल लागला म्हणणं तिथल्या मतदारावर अन्याय आहे, रुपयाच्या टंचाईचा राग होताच. तरी माझ्या मते तो निर्णय चूकच होता, मुद्दाम घेतला असो नाहीतर ढिलाईने, कारण नुकती मतदान शिकणारी लोकशाही होती ती.

विजेचं गणितही तोवर बदललं होतं. ३३६ मेगावॅटच्या चुखा जलविद्युत प्रकल्पाला भारताकडून ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज होतं, ७२० मेगावॅटच्या मांगदेछूला मात्र अनुदान ३० आणि कर्ज ७०. पुनात्सांगछू-१ हा तिसरा प्रकल्प तर डोंगर खचल्यामुळे वर्षानुवर्षं रखडला आणि खर्च वाढत राहिला.

पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार देशांच्या वाहन वाहतूक करारावर भूतानच्या वरच्या सभागृहात मतदान झालं. बाहेरच्या ट्रकांमुळे प्रदूषण वाढेल, आपल्या ड्रायव्हरांचा धंदा जाईल ही भीती होती, करार फेटाळला गेला. भारताला तो हवा होता. २०१७ ला भूतानने बाकी तिघांना सांगितलं, आमच्यासाठी थांबू नका. यावेळी गॅस बंद झाला नाही.