जालस्रोतांची संदर्भसूची

महाजालावरील मजकुराच्या आधारे केलेल्या लेखनात त्या आधारांची टिपणे ठेवण्याची, मजकुरात त्यांचा निर्देश करण्याची आणि शेवटी सूची देण्याची रीत. ग्रंथाला लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ एवढे पुरते. जालस्रोताला पत्ता व तो पाहिल्याचा दिनांकही लागतो.

मजकुरात कंसात आडनाव व वर्ष देण्याच्या रीतीस ‘हार्वर्ड पद्धती’ म्हणतात. तिचा उगम निर्विवाद नाही. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या, बिनशंखी गोगलगायीच्या अंडविकासावरील १८८१ च्या निबंधात ती प्रथम दिसते, असे सामान्यतः मानतात. एली चेर्निन यांनी १९८८ मध्ये या प्रश्नाचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांचाही कौल मार्क यांच्याकडेच गेला. मात्र मार्क यांना ही कल्पना तेथील तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथसूचीवरून सुचली असावी, असाही तर्क आहे. ‘हार्वर्ड’ हे नाव एका इंग्रज पाहुण्यामुळे रूढ झाले, ही केवळ आख्यायिका दिसते. छापील वापराचा मान मार्क यांना द्यावा आणि कल्पनेचे जनकत्व मोकळे ठेवावे, हे अधिक सयुक्तिक वाटते. मजकुरात नावाऐवजी अनुक्रमांक देण्याची व्हँकूवर पद्धती १९७८ च्या सुमाराची असून वैद्यकीय लेखनात तीच चालते.

नाशिकवर लिहिणाऱ्याची पहिली गाठ पडते ती गॅझेटियरशी, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या शासकीय ग्रंथाशी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिकचा खंड १८८३ चा. राज्य शासनाची सुधारित आवृत्ती १९७५ ची. शोधयंत्रातून पांडवलेण्यांविषयीचे सुटे पान उघडते, त्यावर मुखपृष्ठ नसते, आणि टिपणात नुसते ‘नाशिक गॅझेटियर’ असे उतरते. मग एकोणिसाव्या शतकातले निरीक्षण विसाव्यातले ठरते. अशा वेळी पान कोणत्या खंडाचे ते शोधून मूळ मुद्रणवर्ष आधी व पाहिल्याचा दिनांक शेवटी द्यावा. जालावर चढवल्याचे वर्ष हे ग्रंथाचे वर्ष नव्हे.

टिपणांसाठी झोटेरो (२००६, जॉर्ज मेसन विद्यापीठ) ही मोफत प्रणाली बरीच वापरली जाते. ब्राउझरमधील बटण दाबताच पानाचा तपशील ती उचलते, पण मराठी नावे हाताने तपासावीच लागतात. नाशिकचेच उदाहरण म्हणजे वि. वा. शिरवाडकर. त्यांची कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे सूचीत एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. टोपणनाव आडनावाच्या रकान्यात न कोंबता एकाच रकान्यात ठेवावे आणि दुसऱ्या नावाखाली ‘पहा’ अशी नोंद करावी.

वर्णक्रमाची अडचण अधिक खोलवरची आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकीय संकेतांक देणाऱ्या प्रणालीत, ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, तर मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. म्हणून निव्वळ संकेतांकांवर क्रम लावला, की ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर लागतात. मराठी क्रम उलटा आहे. ‘क्षीरसागर’ तर ‘क’च्या गटात जातात. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो, नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा ‘र’पुढे अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन शब्द वाटतात. शोध फसतो तो येथे, आणि याची दखल सूचीविषयक मार्गदर्शनात फारशी घेतलेली आढळत नाही.

देवनागरी पत्ता नकलून डकवला, की एकेका चिन्हाची नऊ चिन्हे होतात. काना-वेलांटी धरून पाच चिन्हांच्या ‘नाशिक’ या एका शब्दाची ४५. छापील सूचीत असा पत्ता कोणी टंकून पाहणार नाही. कायमस्वरूपी ओळखक्रमांक (डीओआय, २००० पासून वापरात) उपलब्ध असेल, तर तोच द्यावा.

दुवे मरतात. २०१४ च्या एका अमेरिकी पाहणीत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतील निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (२००१ पासून खुले) पानाची प्रत साठवता येते. ती पान वाचले त्याच दिवशी साठवून तिचा पत्ता मूळ पत्त्याशेजारी लिहावा.

समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी लेखकाचे नाव, मजकुराचे पहिले काही शब्द आणि दिनांक देण्याची रीत आहे.