कोकणातून दूरच्या दीर्घिका टिपताना : पार्श्वभूमी

कोकण आणि खगोलशास्त्र म्हटलं की विजयदुर्ग निघतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तिथून गेला, किल्ल्यावर त्या निरीक्षणाचे म्हणून ‘साहेबाचे कट्टे’ आजही दाखवले जातात आणि हेलियम इथेच सापडला असं दर ऑगस्टमध्ये ऐकायला मिळतं. पण त्या ग्रहणाचं गाजलेलं फ्रेंच निरीक्षण आंध्रातल्या गुंटूरचं. ज्या इंग्रजाचं, लॉकियरचं, नाव किल्ल्याशी जोडतात त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. असो. तो सगळा सूर्याचा मामला. दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारासमूहांचं, काम अंधाराचं, आणि त्याचा इथला इतिहास फार जुना नाही.

बाहेर मात्र या कामाची सुरुवातच हौशी माणसांनी केली. १८८८ साली इंग्लंडमधल्या एका हौशी निरीक्षकाने २० इंची परावर्तक, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीवर काही तासांचं एक्स्पोजर देऊन देवयानी दीर्घिकेचा फोटो काढला आणि त्या धूसर ढगात सर्पिल फाटे दिसले. ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे कळायला पुढे १९२३ उजाडावं लागलं. मग फिल्मचा लांबलचक काळ आला. मंद प्रकाशात फिल्म दमते, एक्स्पोजर दुप्पट केलं तरी प्रकाश दुप्पट साठत नाही. त्यावर परदेशातले हौशी लोक फिल्म नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात तापवून ठेवत. कोकणच्या दमट हवेत हा उद्योग करायला कोण बसणार?

महाराष्ट्रात गर्दी जमली ती १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूमुळे. मुंबईकर अमावास्येला वांगणी-नेरळकडे जाऊ लागले. आणि आरसे घासण्याची हौस लागली. दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची घासपूड आणि पाणी, कोपऱ्यात आधाराला पिंप. तयार आरसा बसवायचा डॉबवर, म्हणजे डॉब्सोनियन दुर्बिणीवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातल्या एका संन्याशाने लोकांना रस्त्यावर आकाश दाखवण्यासाठी रूढ केलेली ही प्लायवूडची खोकी, आडवी आणि उभी फिरणारी. कमी पैशात मोठा आरसा आकाशाकडे रोखायला याहून सोपा उपाय नाही. ८ इंचाच्या चौपट प्रकाश १६ इंचाचा आरसा गोळा करतो. बघायला उत्तम, फोटोला निरुपयोगी, असा शिक्का तिच्यावर पुढे बसला.

हा शिक्का कसा बसला ते जरा सविस्तर पाहायला हवं, कारण मोठ्या दुर्बिणींचं पुढे काय झालं ते त्यावरच ठरलं. १९९० च्या दशकात हौशी लोकांच्या आवाक्यातले सीसीडी (इलेक्ट्रॉनिक) कॅमेरे आले, २००३ नंतर स्वस्त डीएसएलआर आले, आणि प्रश्न उभा राहिला : पैसे आरशात घालायचे की माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीत? तेव्हाचे कॅमेरे प्रत्येक फ्रेम वाचताना बराच गोंगाट, म्हणजे खोटे ठिपके, घालत. म्हणून एक्स्पोजर पाच-दहा मिनिटांचं हवं, त्यासाठी ध्रुवाकडे रोखलेली आस असलेलं भक्कम विषुववृत्तीय माउंट हवं, आणि त्यावर पेलेल एवढीच दुर्बीण हवी. म्हणजे सहा-आठ इंच. डॉबला मोटर लावली तरी क्षेत्र, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा आकाशाचा तुकडा, फिरतं, फोटोच्या कडेचे तारे कमानी काढतात. “आधी माउंट, मग दुर्बीण” हे ब्रीद झालं. ज्यांनी महिनोन्‌महिने आरसे घासले होते त्यांना हे ऐकून घ्यावं लागलं, आणि कित्येक मोठे आरसे माळ्यावर गेले.

ब्रीद तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. पण ते ४० अंश अक्षांशावर राहणाऱ्यांनी केलेलं होतं. कोकणात ध्रुव क्षितिजावर जेमतेम १६ ते १९ अंश. तो माडाच्या झावळ्यांत नाहीतर धुरकटात अडकलेला, त्यामुळे पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटची आस ध्रुवाकडे लावणं, हीच अर्धी रात्र खाते. जर्मन पद्धतीचं माउंट इतकं आडवं करावं लागतं की काही जातींत वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकतो. शिवाय खारी हवा : आरशाचा ॲल्युमिनियमचा मुलामा ती खातेच, पण तो पुन्हा चढवता येतो, माउंटच्या गिअर आणि सर्किट बोर्डांचं तसं नाही. हे सगळं तेव्हाही दिसत होतं. तरी ब्रीद उचललं गेलं, आणि माझ्या मते ती घाई होती.

दुसऱ्या बाजूचीही एक अडचण सांगायलाच हवी. कन्या समूह, म्हणजे सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा बाजार, कोकणात जवळजवळ डोक्यावरून जातो. हवेचा थर पातळ म्हणून हे वरदान. पण डॉबचं क्षेत्र नेमकं तिथेच सर्वांत वेगाने फिरतं.

वाद मिटवला तो सीमॉस या नव्या कॅमेरा-सेन्सरने. २०१६ च्या आसपास गोंगाट फार कमी असलेले थंड केलेले कॅमेरे मिळू लागले आणि दहा-दहा सेकंदांच्या शेकडो फ्रेम घेऊन संगणकावर रचणं जमू लागलं. इतक्या वेळात क्षेत्र फार फिरत नाही, जे फिरतं ते सॉफ्टवेअर सरळ करतं. दुर्बीण कुठे रोखली आहे तेही फोटोतल्या ताऱ्यांवरून ओळखता येतं, ध्रुव दिसायची गरज नाही. दीर्घिका माथ्यावर येण्याआधी तास-दीड तास किंवा उतरल्यावर टिपायची, एवढंच पथ्य. माळ्यावरचे आरसे खाली आले. १६ इंचाच्या डॉबवर आता अरुंधती केशातला ३० कोटी प्रकाशवर्षांपलीकडचा समूह टिपता येतो, आणि दक्षिणेला नरतुरंगातली, युरोपात बहुतेक ठिकाणांहून दिसत नाही ती काळ्या पट्ट्याची दीर्घिका ३० अंशांवर येते.

जागा म्हणजे कातळाचा सडा, राजापूर-देवगडकडचं उघडं खडकाळ पठार. चारी बाजू मोकळ्या. दिवसभर तापलेला जांभा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, म्हणून मध्यरात्रीपूर्वी तारे लुकलुकतात. मग जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा स्थिरावला की समुद्राकडचा दमटपणा मागे हटतो. तरी दंव पडतंच, दुय्यम आरशाला हीटर लागतो. कन्या समूह मध्यरात्री माथ्यावर येतो मार्चअखेर, पण तोवर भाजावळीचा आणि वणव्यांचा धूर पसरलेला असतो. त्यामुळे काम फेब्रुवारीच्या पहाटेच उरकतात.

उजेडाचं दुखणं सर्वांत नवं. २०१५ पासून देशभर पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. त्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. तेजोमेघांचे, म्हणजे ठरावीक रंगांत चमकणाऱ्या वायुढगांचे, फोटो काढणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून सुटतात. दीर्घिकांना ती सोय नाही, कारण त्यांचा उजेड हा अब्जावधी ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टरने दिवा अडवला की दीर्घिकाही अडते. पश्चिमेला समुद्र, म्हणजे अंधार, हा हिशेबही बिघडला : एलईडी लावून केलेल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. पारंपरिक होडीवाला आणि दुर्बीणवाला इथे एकाच बाजूला आहेत, हे दोघांच्याही फारसं लक्षात आलेलं दिसत नाही.